वासावर ओळखायचं तेल

हे मी लिहिणारच नव्हते. सकाळपासून दोनदा टाइप केलं आणि दोनदा पुसलं. एका वयस्कर माणसाची चूक अशी चारचौघांत मांडायची म्हणजे बरं वाटत नाही. पण ज्यांची चूक आहे तेच म्हणाले, "लिही गं, आणि मला सांभाळून घेऊ नकोस." म्हणून एका दमात लिहून टाकतेय, थांबले तर परत पुसेन.

तर मिस्त्री. गावाबाहेर वजनकाट्याच्या पुढे पत्र्याची एक लांबुळकी शेड आहे, ती त्यांची. तिथे दुसरं काहीच होत नाही, फक्त गिअरबॉक्स. तेही त्या थोराड डिझेल पिकअपांचे, ज्यांच्या मागे लोक जनरेटर जोडतात, दगड भरतात, पाण्याच्या टाक्या चढवतात, आणि ज्यांचा गिअर अजून हाताने टाकावा लागतो. अशा गाड्या आता कमी झाल्यात. नव्या गाड्या आपला गिअर आपणच बदलतात. मिस्त्रींना ते पटत नाही. त्यांना कुठलीच आपोआप होणारी गोष्ट पटत नाही. "मागे तीन टन घेऊन घाट उतरायचाय, आणि गिअर कोणता टाकायचा ते गाडी ठरवणार? ती काय आपली आई आहे, भरवसा ठेवायला?" असं म्हणतात.

आणि खरं सांगायचं तर आईवर तरी त्यांनी कितपत भरवसा ठेवला असेल देव जाणे. दूधवाल्याकडून माप जास्त पडलं तर कोणीही खूश होईल, हे विचारणार, "आज का जास्त?" कोणी कामाची स्तुती केली की यांचे डोळे बारीक होणार. याला काहीतरी पाहिजे. बायको लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून त्यांना शंकासुर म्हणते, आणि तोंडावर म्हणते.

त्यांचा भरवसा एकाच गोष्टीवर होता. स्वतःच्या नाकावर.

ते कसं, ते सांगते. शेडमध्ये दोन तऱ्हेची तेलं लागतात. एक गिअरबॉक्सचं. दुसरं मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो गोल डबा असतो ना, डिफरन्शियल, त्याचं. दिसायला दोन्ही सारखीच, पातळ मधासारखी. पण मागच्या डब्याच्या तेलात गंधक असतं आणि त्याला सडक्या अंड्यासारखा दर्प येतो. ते तेल चुकून गिअरबॉक्समध्ये गेलं तर लगेच काहीही होत नाही, आणि गोम तिथेच आहे. गिअरबॉक्सच्या आत पितळी रिंगा असतात. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवून द्यायचं काम त्यांचं. गंधक त्या पितळाला हळूहळू खातं. दोन महिने, तीन महिने. मग एक दिवस गाडी तिसऱ्या गिअरला कर्र करते.

वर्षातून एकदा तेलवाला मोठी पिंपं घेऊन यायचा आणि पाच-पाच लिटरच्या पांढऱ्या डब्यांत दोन्ही तेलं भरून द्यायचा. उजव्या फळीवर गिअरबॉक्सचं, डाव्या फळीवर मागच्याचं. डब्यांवर काहीही लिहायचं नाही, हा मिस्त्रींचा कायदा. मेहुण्याने तीनदा सांगून पाहिलं होतं, "दाजी, झाकणांना रंग लावू. एक लाल, एक हिरवा. तासाभराचं काम आहे."

"ज्याला वासावर तेल ओळखता येत नाही, त्याने गिअरबॉक्सला हात लावू नये," मिस्त्री म्हणायचे. "उद्या म्हणशील पान्यावर पाना लिहा."

हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बावीस वर्षं शेडमध्ये. सगळे त्याला मोजपट्टी म्हणतात, कारण तो एकदा मोजलेलं परत मोजतो, आणि दोन्ही वेळा तेच आलं तर तिसऱ्यांदा मोजतो. कमी बोलायचा. गिअरबॉक्स उतरवायचा, उघडायचा, नव्या रिंगा बसवायचा, परत जोडायचा. कुठल्या गाडीचं काम कधी केलं, गाडी किती किलोमीटर चाललेली होती, सगळं एका छोट्या डायरीत. पण तेल मात्र मिस्त्रींचं. जुनं तेल काढायचं ते मिस्त्रींनी, बोटावर घेऊन उन्हात धरून बघायचं ते मिस्त्रींनी, नवं भरायचं तेही मिस्त्रींनी. झाकण उघडलं, नाकाशी नेलं, मान हलवली, ओतलं. त्यात दुसऱ्या कोणाचा हात चालायचा नाही.

गेल्या थंडीत मिस्त्रींना ताप आला. साधासुधा नाही, बारा दिवस अंथरुणात. नाक चोंदलेलं, डोकं जड. त्याच दिवसांत मेहुण्याने शेडला आतून रंग लावून घेतला. रंगाऱ्याने फळ्या रिकाम्या केल्या, भिंती पांढऱ्या केल्या आणि डबे परत लावून निघून गेला. मिस्त्री तेराव्या दिवशी आले तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, रंगाऱ्याने डबे कसे लावलेत कोण जाणे. एकदा वास घेऊन नीट लावून घ्या."

मिस्त्रींनी एकेक झाकण उघडलं, एकेक डबा नाकाशी नेला. सर्दी होती अजून. पण आपलं नाक म्हणजे आपलं नाक. हा इकडे, तो तिकडे, करत अठरा डबे उजव्या फळीवर लावले आणि अठरा डावीकडे.

त्यानंतर काय काय व्हायला लागलं बघा. बायकोचा स्वयंपाक बिघडला. भाजी म्हणजे नुसता चोथा. मिस्त्रींनी मीठ मागितलं, तिखट मागितलं, शेवटी ताट सरकवून विचारलं, "डॉक्टरने काही कमी करायला सांगितलंय का? लपवू नकोस."

"काही सांगितलेलं नाही. रोजचंच आहे."

"रोजचं असतं तर मी विचारलं असतं का?"

शेडसमोरचा चहावाला एकदा उकळलेली पावडर परत उकळायला लागला. मिस्त्रींनी त्याच्यासमोर पातेल्यात डोकावून पाहिलं. चहावाला म्हणाला, "मिस्त्री, पाहिजे तर डबा फोडून दाखवतो, आजच आणलाय." मिस्त्री म्हणाले, डबा काय, कोणीही भरतं. अंगाला लावायच्या साबणात पूर्वीसारखा दम राहिला नाही. सगळी दुनिया एकाच महिन्यात भेसळ करायला लागली आणि ती फक्त यांनाच कळत होती.

मग दगडवाल्याची पिकअप परत आली.

दगडवाला म्हणजे खाणीतून दगड वाहणारा जुना गिऱ्हाईक. अडीच महिन्यांपूर्वीच त्याचा गिअरबॉक्स करून दिलेला. म्हणाला, तिसरा कर्र करतोय. मिस्त्रींनी तेल काढलं, उन्हात धरलं. तेलात पितळेची चमक, सोन्याची भुकटी टाकल्यासारखी. अडीच महिन्यांत नव्या रिंगा अशा झिजत नाहीत. पंधरा दिवसांत दुसरी गाडी आली. मग तिसरी.

मेहुणा बाजूला उभा होता. मग म्हणाला, "दाजी, एकदा तेलाचं बघा."

मिस्त्रींच्या डोक्यात ठिणगी पडली ती इथे. तेलाचं बघा. म्हणजे माझं बघा. रिंगा कोण बसवतं? हा. मग हा तेलाकडे बोट का दाखवतोय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. त्यांनी हिशोब जुळवला: हा नव्या रिंगा बाहेर विकतो आणि जुन्याच घासूनपुसून आत बसवतो. म्हणून इतका कमी बोलतो. म्हणून ती डायरी.

एकदा मनात बसलं की बसलं. मेहुणा पाणी प्यायला उठला तरी मिस्त्री बघायचे कुठे जातो. फोन आला आणि तो बाहेर जाऊन बोलला तर का बाहेर. मेहुण्याने नवी चप्पल घेतली. कशी घेतली?

शेवटी त्यांनी सापळा लावला. नव्या रिंगांचा खोका आला तो मेहुणा येण्याआधी उघडला आणि प्रत्येक रिंगेच्या आतल्या कडेला बारीक खूण ठोकली, मुंगीच्या डोळ्याएवढी. आता बघू. महिना-दोन महिन्यांनी त्या खोक्यातल्या रिंगा बसवलेली एक गाडी कर्र करत परत आली. मिस्त्रींनी मेहुण्याला कशाला तरी बाजारात पाठवलं आणि गिअरबॉक्स स्वतः उघडला. रिंगा बाहेर काढल्या, पुसल्या, भिंग लावलं.

खूण होती. प्रत्येक रिंगेवर. त्यांच्याच हातची.

म्हणजे रिंगा नव्याच बसवल्या होत्या. म्हणजे मेहुणा निर्दोष. कोणाही सरळ माणसाने हुश्श केलं असतं. मिस्त्री मात्र तिथे तेलकट स्टुलावर बसून राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांना उलगडा झाला. अरे, याला खूण सापडली. तीनदा मोजणारा माणूस, त्याच्या नजरेतून सुटेल होय? याने जुन्या रिंगांवर तशीच खूण ठोकली. किती बेरकी.

(हे सांगताना मिस्त्री स्वतः कपाळावर हात मारून घेतात. मला हसू पण येत होतं आणि रडू पण.)

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दगडवाला होता आणि एक रोपवाटिकावाला होता. मेहुणा घरी निघाला तेव्हा मिस्त्री आडवे आले.

"पिशवी दाखव."

"कसली पिशवी?"

"तुझ्या खांद्यावर आहे ती."

मेहुण्याने एकदा गिऱ्हाइकांकडे पाहिलं, एकदा मिस्त्रींकडे. "दाजी, यांना जाऊ द्या, मग दाखवतो."

"लपवायचं नसेल तर आत्ता दाखव."

त्याने पिशवी दिली. मिस्त्रींनी ती बाकड्यावर उलटी केली. जेवणाचा डबा. चमचा. डायरी. गुडघ्याला लावायचं मलम. डबा उघडून पाहिला तर दोन घास उरलेले. रिंग नव्हती. दगडवाला उगाच मोबाईल बघत बसला.

"आज नाही मिळाली," मिस्त्री म्हणाले.

मेहुण्याने सगळं पिशवीत परत भरलं. चमचा खाली पडला होता तो उचलून पुसला. म्हणाला, "ताईला सांगा मी येत नाही म्हणून." आणि गेला. बावीस वर्षांची हत्यारं तशीच भिंतीवर. ती त्याने नंतर कोणाला तरी पाठवून नेली.

त्यानंतर गाडीवाला कोणीही आला आणि "मोजपट्टी दिसत नाहीत" म्हणाला, की मिस्त्री सांगायचे: घरातलाच चोर निघाला हो, रिंगा विकायचा. एकेकाला सांगितलं. न विचारता पण सांगितलं. घरी बायको बोलेनाशी झाली. वाढायची, पण बोलायची नाही. तिचा एकच भाऊ.

आता मिस्त्री एकटेच काम करायला लागले. उतरवायचं ते, उघडायचं ते, जोडायचं ते. कंबर बोलायला लागली, पण मनाला शांती, की आता एकही गाडी परत येणार नाही.

जनरेटरवाल्या बाईंची गाडी आली, तिचा सगळा गिअरबॉक्स मिस्त्रींनी स्वतः केला. या बाई भाड्याने जनरेटर देतात आणि स्वतःच ओढून नेतात, मागे मोठं दोन टनी धूड जोडून. उंच, आडदांड, तोंडाने फटकळ. गिअर असा टाकतात की दांड्याला कळतसुद्धा नाही. अडीच महिन्यांनी त्या परत आल्या. गाडी शेडमध्ये घातली, उतरल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, तुमचा चोर पळाला ना? मग ही का कर्र करतेय?"

मिस्त्रींच्या मनात पहिला विचार काय यावा? की मेहुण्याने जाता जाता रिंगांच्या खोक्यात काहीतरी कालवलं. दुसरा विचार, बाई गिअर नीट टाकत नसतील. तो त्यांनी बोलून पण दाखवला.

"क्लच पूर्ण दाबता ना?"

"मी तेवीस वर्षं क्लच दाबतेय. तुम्ही तेल काढा, बघू काय येतंय."

त्यांनी खाली परात लावली आणि बोल्ट काढला. तेल पडायला लागलं तशी बाईंनी मान मागे घेतली. "अहो, हे काय घातलंय? काय घाण वास. हे तर मागच्याचं तेल आहे."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? वास येतोय की. अर्धी शेड भरली वासाने."

मिस्त्रींनी बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. परत नेलं. बाई त्यांच्याकडे बघत होत्या आणि ते बोट नाकापाशी धरून तसेच उभे. त्यांना वाटलं, ही खोटं बोलतेय. हिला मोजपट्टीने पाठवलंय. म्हणाले, "नाही येत."

"नाही येत?"

"साधं तेल आहे हे."

बाईंनी फटकन काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग मिटलं. वेगळ्याच, हळू आवाजात म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला येत नाही का वास?"

"सर्दी आहे," मिस्त्री म्हणाले. सर्दी जाऊन सात-आठ महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको अंघोळीला गेली तेव्हा ते स्वयंपाकघरात शिरले. कांदा कापला, नाकाला लावला. डोळ्यांत पाणी आलं, वास नाही. साबण. नाही. फिनेलची बाटली उघडली. नाही. लसूण ठेचून हातावर चोळला. कपाटातून डांबराची गोळी आणली आणि डोळे मिटून ती अगदी नाकपुडीत घातली म्हटलं तरी चालेल.

बायको दारात येऊन उभी होती. किती तरी आठवड्यांनी तिने तोंड उघडलं. "आता डांबराची गोळी खाणार का?"

"या गोळीला वास येतो?"

"डोकं उठलंय माझं वासाने. घरभर पसरलाय."

मिस्त्री खाली बसले, फरशीवरच. "मला येत नाही."

"कधीपासून?"

त्यांना एकदम सगळं दिसायला लागलं. चोथा भाजी. उकळलेली चहापत्ती. बिनदमाचा साबण. चोंदल्या नाकाने एकेक डबा हुंगून फळीवर लावणारे ते स्वतः. उजवीकडचे अठरा डबे, जवळजवळ सगळे संपलेले, कुठल्यात कोणतं तेल होतं कोण जाणे, अकरा गाड्यांत ओतलेले, परत आलेल्यांत दोनदा, स्वतःच्या हातांनी, मान हलवून हलवून. मागच्या चाकांचं काम त्या महिन्यांत एकही आलं नाही एवढंच नशीब, नाहीतर तिकडे उलटं तेल गेलं असतं. आणि मेहुणा म्हणाला होता, एकदा तेलाचं बघा.

"तू माझ्या भावाची पिशवी उलटी केलीस," बायको म्हणाली. जन्मात तिने कधी त्यांना अरेतुरे केलं नव्हतं. तेवढं एक वाक्य तिने तसं म्हटलं आणि मग परत "अहो" वर आली. "अहो, जा आता. मी येणार नाही बरोबर. आधी तुम्ही जा."

मेहुणा आता बसडेपोत नोकरीला आहे, सुट्या भागांच्या भांडारात. दोन तासांवर. लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. मिस्त्रींनी कडी वाजवली. दार चार बोटं उघडलं.

"कोणाला आणलंत बरोबर?" मेहुण्याने विचारलं.

"एकटाच आहे."

मेहुण्याने जिन्यात डोकावून बघितलं. खरंच बघितलं, खालपर्यंत. मिस्त्री मला म्हणाले, "त्या क्षणी मला माझीच नजर दिसली त्याच्या तोंडावर. मी त्याला दिलेली."

आत गेले. मेहुण्याने पाणी दिलं पण बसला नाही. मिस्त्रींनी सांगितलं. ताप, नाक, डबे, अकरा गाड्या, सगळं सांगितलं, खाली बघून. मेहुणा ऐकून घेत होता.

"मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की मी परत बोललो नाही."

"मला वाटलं तू माझ्यावर ढकलतोयस."

"हां."

"चुकलं माझं."

मेहुणा खिडकीशी गेला. खाली इस्त्रीची वाफ वर येत होती. "दाजी, हे इथे दार लावून म्हणताय. पिशवी चारचौघांत उघडली होतीत. आणि नंतर किती जणांना सांगितलंत?"

"ज्यांची गाडी होती त्यांना."

"अकराही जणांना?"

"अकराही."

मेहुण्याने डायरी काढली. प्रत्येक गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर. शेवटच्या चार गाड्या त्याच्या जाण्यानंतरच्या, त्या मिस्त्रींनी आठवून सांगितल्या आणि त्याने लिहून घेतल्या. मग पान फाडून दिलं. "मला माफी नको. या अकरांना जाऊन सांगा, चोर नव्हता म्हणून. तेल पण काढा त्यांचं, ते बिचारे घाट उतरतायत त्या गिअरांवर. अकरावा झाला की मी ताईकडे जेवायला येईन. शेडमध्ये नाही येणार. तिथे नाही."

मिस्त्रींना वाटलं होतं अकरा गाड्या म्हणजे अकरा दिवस. कसलं काय. चूक सांगायला गेलेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे त्यांना कुठे माहीत होतं?

जनरेटरवाल्या बाईंचं सोपं गेलं, त्यांना माहीतच होतं. दगडवाल्याने मात्र गाडीची किल्लीच दिली नाही. "फुकट तेल बदलून देताय? का?"

"माझी चूक झाली म्हणून."

"इतकी वर्षं झाली, तुमची चूक झालेली मी ऐकली नाही. काय ते स्पष्ट बोला."

रोपवाटिकावाला तर हसला. "घरातलं भांडण मिटलं वाटतं. बायकोने ऐकवलं असणार. आता मेहुण्याला वाचवायला स्वतःच्या अंगावर घेताय. चांगलं आहे, चांगलं आहे. पण आम्ही काय लहान मुलं नाही." मिस्त्रींनी शपथ घेतली. तो म्हणाला, शपथ तर तुम्ही तेव्हापण घेतली होतीत, तो चोर आहे म्हणून.

दोन दिवस मिस्त्री घरी बसून राहिले. मग त्यांनी दोन बाटल्या घेतल्या, एकीत हे तेल, एकीत ते, आणि परत रोपवाटिकेत गेले. तिथे माणसं काम करत होती, कुंड्या भरत होती. मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढला आणि भर दुपारी, सगळ्यांसमोर, स्वतःच्या डोळ्यांवर बांधला.

"दे एकेक," ते म्हणाले. "कुठलंही दे. दहा वेळा दे. मी ओळखतो का बघ."

रोपवाटिकावाल्याने दिली. मिस्त्रींनी हुंगलं आणि म्हणाले, गिअरबॉक्सचं. चुकलं. दुसरी. चुकलं. तिसरी बरोबर आली, ती अंदाजाने. मग रोपवाटिकावाल्याने हळूच बाटली बदलून नुसतं पाणी दिलं, आणि मिस्त्री म्हणाले, "मागच्याचं." कुंड्यावाली माणसं हसायला लागली. मिस्त्रींनी रुमाल सोडला नाही. म्हणाले, "हसा. पण मोजपट्टी चोर नव्हता. तेवढं लक्षात ठेवा, जिथे जाल तिथे सांगा."

हसणं थांबलं. रोपवाटिकावाल्याने किल्ली दिली.

तेव्हापासून ते असंच करतात. गाडी शोधत जातात, मालकाला बोलावतात, डोळे बांधतात, नापास होतात, मग तेल बदलतात. खाणीत दगडवाल्यासमोर केलं, त्याच्या सगळ्या ड्रायव्हरांसमोर. एका मंगल कार्यालयाच्या आवारात केलं. एकाने त्याचा व्हिडिओ काढला, मिस्त्री म्हणाले, काढ, पण आवाज नीट येऊ दे. शेडमधले उरलेले सगळे डबे आता बायको हुंगून देते आणि ती आल्याशिवाय ते एक थेंब ओतत नाहीत. आणि हो, तिला पण दोनदा हुंगायला लावतात. स्वभावाला औषध नसतं.

नऊ झालेत. मी हे लिहितेय ते उरलेल्या दोघांसाठी.

एक करड्या रंगाची पिकअप आहे, चार दारांची, ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा दोरीने बांधलेला. तिच्या मालकाने ती विकली आणि घेणारा कोण ते त्यालाही धड सांगता येत नाही. दुसरी विटकरी रंगाची, मागे पाण्याची टाकी. मालक मिशीवाला, घोगऱ्या आवाजाचा, सारखा खोकायचा. भाड्याची जागा सोडून गेला, फोन लागत नाही. गेल्या थंडीपासून पावसाळ्यापर्यंत वजनकाट्याच्या पुढच्या शेडमध्ये तुम्ही गिअरबॉक्स करून घेतला असेल, तर मी पत्ता द्यायची गरज नाही, तुम्हाला रस्ता माहीत आहे. तुम्हाला तिथे सांगितलं असेल की मेहुण्याने रिंगा चोरल्या. नाही चोरल्या. फोन करू नका, फोनवरच्या आवाजावर मिस्त्रींचा विश्वास नाही, कोणीतरी थट्टा करतंय असं वाटतं त्यांना. तिसरा गिअर कर्र करो वा न करो, गाडी घेऊन जा, आणि गाडी आता तुमची नसेल तर ज्याची आहे त्याला सांगा. मिस्त्री सकाळी आठपासून असतात. एक बहीण भावाला ताट वाढायला थांबली आहे, म्हणून म्हणते, या आठवड्यातच जाऊन त्यांना भेटा.